आधी वरवंटा

१

सकाळी जाग आली की मी लगेच उठत नाही. डोळे मिटून पडून राहते आणि वाट बघते. आधी पलंगाची डावी बाजू हळूच खाली जाते, मग उजवी. खोलीतलं काही हलत नसतं. पंखा जागेवर, कपाट जागेवर, हलते ती मी एकटी. ते नीट सुरू झालं की एक पाय फरशीवर, मग दुसरा, मग भिंतीला हात. स्वयंपाकघरापर्यंतच्या भिंतीवर माझ्या हाताचा मळकट पट्टा उमटलाय. वासुदेवराव म्हणतात, घराला रंग दिला तरी एवढा पट्टा सोडून देऊ, तुझा रस्ता आहे तो.

वासुदेवराव म्हणजे माझे यजमान. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासूनचं. आम्ही बेंगळूरात जे. पी. नगरला पहिल्या मजल्यावर राहतो. जन्मभर माझ्या हातची कॉफी प्यालेला हा माणूस गेलं वर्षभर मला कॉफी करून देतोय. सुरुवातीला ती कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी होतं. मी निमूट प्यायले. आजारपणात कुणी हातात आयता पेला दिला तर त्याला नावं ठेवायची नाहीत, एवढी अक्कल मला आहे.

मला नेमकं काय झालंय ते डॉक्टरांना सांगता येत नाही. मला थोडं सांगता येईल, पण ते मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

२

मागच्या वर्षी एका दुपारी मेघाश्रीचा फोन आला. मेघाश्री ही आमची एकुलती एक लेक. नवऱ्याबरोबर महादेवपुऱ्याला राहते, दोघंही तिकडेच कुठल्या कुठल्या कंपन्यांत आहेत. "आई, तू आजी होणार," म्हणाली. याआधी दोनदा आशा लागून मोडली होती. मी फोन ठेवला, देवापुढे साखर ठेवायला उठले, आणि फरशी डावीकडे कलली. आनंदाने झालं असेल म्हणून मी स्वतःशीच हसले. संध्याकाळीही फरशी कलतच होती.

मग डॉक्टर सुरू झाले. कानाच्या डॉक्टरांनी मान इकडून तिकडे वळवून पाहिली. डोक्याचा फोटो काढला. मेंदूचे डॉक्टर तरुण होते, स्वभावाने गोड. त्यांनी विचारलं, "अम्मा, खोली फिरते की तुम्ही फिरता?" मी म्हटलं, दोन्ही नाही. कुणी फिरत नाही. मी नुसती हेलकावे खाते, इकडून तिकडे. फोटोत काही पांढरे ठिपके होते. या वयात असे असतात, म्हणाले. डोकं न दुखणारी अर्धशिशी असू शकते, किंवा आणखी एका आजाराची सुरुवात, ज्याचं नाव आत्ताच घ्यायला नको. शेवटी म्हणाले, "नोडोणा."

नोडोणा म्हणजे बघू या. हा शब्द मला आवडत नाही. पण ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखं बोलण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

गंमत म्हणजे चालत्या रिक्षात मला बरं वाटायचं. रिक्षा सिग्नलला थांबली की हेलकावे पुन्हा सुरू. आता बेंगळूरात राहून असा आजार जडावा, ही देवाने केलेली थट्टाच. एकदा मी डोकं धरून बसलेली पाहून रिक्षावाला अण्णा म्हणाला, "अम्मा, थांबायलाच नको ना? सरी, बरं." आणि त्याने मला गल्ल्यागल्ल्यांतून अशी घरी आणली की चाक कुठे थांबलं नाही. अशी माणसं भेटली मला. तक्रार कुठल्या तोंडाने करू?

३

मेघाश्री बाळंतपणाला आमच्याकडे आली. आल्या आल्या माझ्याजवळ बसून, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तू फक्त बसून सांगायचं. बाळाच्या अंघोळीला आपण त्या मालीशवाल्या यल्लव्वाला बोलवू. आणि उभ्याने बाळाला घ्यायचं नाही, प्लीज. मला भीती वाटते."

तिचं बरोबर होतं. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझं मागणं मोठं नव्हतं. जमिनीवर बसून, पाय लांब करून, त्या पायांवर नातवंडाला पालथं घालून तेल लावायचं. ऊन ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं. आणि मग दुपट्यात गुंडाळून बाल्कनीतल्या कोवळ्या उन्हापर्यंत न्यायचं, स्वतःच्या पायांनी.

म्हणून मी सराव करायचं ठरवलं. मिक्सर आल्यापासून आमचा पाटा कधीच गेला, पण वरवंटा ठेवलाय. तो ठेवावाच लागतो. आमच्यात बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालायचं, कुंची घालायची, तीट लावायची, बाळासारखे सगळे लाड करायचे, झोका द्यायचा. मग त्याला उचलून बाळाला ठेवायचं. असं का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. आत्या म्हणाली, "आधी त्याला, मग बाळाला." एवढंच. तिलाही तेवढंच कुणीतरी सांगितलं असणार.

तर तो वरवंटा टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून मी स्वयंपाकघर ते बाल्कनी चालू लागले, एक खांदा भिंतीला टेकवून. वासुदेवराव दुकानातून जेवायला आले आणि बघतच राहिले.

"कुणावर गेलंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर. काळं आणि गप्प."

त्यांनी मला पुढे जाऊ दिलं आणि मागून, हात न लावता, दोन्ही हात पसरून चालत राहिले. मी पडले असते तर त्यांच्यावरच पडले असते.

त्यांनी माळ्यावरचा सागवानी पाळणा काढून हॉलमधल्या कडीला टांगला होता. कडी जड ओझं घेते का ते बघायचं होतं. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून मी त्यात वरवंटा निजवला आणि खाली बसून दोरी ओढू लागले. पाळणा हलत होता, मीही हलत होते. त्या दोन हेलकाव्यांकडे लक्ष देता देता माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आणि दोरी हातातून सुटली.

पाळणा आपला आपण हलत असेल तर दोन्हीकडे सारखाच जातो. पण दोरी कुणी ओढत असेल, तर ओढणाऱ्याकडे येताना त्यात एक बारीकसा हिसका असतो. परत जाताना तो नसतो. ज्या बाईने मूल निजवलंय तिला हे सांगावं लागत नाही. माझ्या चकरेत तो हिसका होता. डावीकडे जाताना होता, उजवीकडे जाताना नव्हता.

४

मी काही भोळीभाबडी नाही. बी.एस्सी. झालेय, लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवलंय. मी स्वतःला समजावलं की मेघाश्रीला झोके देण्यात माझी वर्षं गेली, मेंदूने ते शिकून ठेवलंय, आणि आता बिघडला तर तेच उगाळतोय. मला ते पटलंही.

पण ज्याला पटलं आहे त्याने मग तपासून बघू नये. मी पलंगावर उशी पायथ्याला नेली आणि उलटी निजले. आजार माझ्या डोक्यातला असेल तर हिसका माझ्या डाव्या बाजूलाच राहायला हवा. तो उजवीकडे आला. मी पुन्हा फिरले, तर पुन्हा डावीकडे. मी फिरत होते आणि ओढ जागच्या जागी होती.

मग मी घरभर उभी राहून पाहिलं. स्वयंपाकघरात ती पाठीमागून यायची. बाल्कनीत समोरून, घराच्या आतून. न्हाणीघरात भिंतीपलीकडून. हॉलमध्ये आले तेव्हा शोधावं लागलं नाही. शोकेस आणि खिडकी यांच्या मधे एक कोपरा आहे. तिथे पूर्वी शिवणयंत्र होतं, आता काही नाही. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. ओढ तिथून येत होती.

दुपारची वेळ होती. खाली भाजीवाला ओरडत होता, शेजारी कुकरची शिट्टी झाली. कोपऱ्यात ऊन पडलं होतं आणि उन्हात फरशीवरची धूळसुद्धा दिसत होती. तिथे काही नव्हतं. पाळणा त्याच कोपऱ्यासमोर टांगलेला होता, कारण घरात कडी तेवढी एकच.

मी वासुदेवरावांना म्हटलं, पाळणा आतल्या खोलीत टांगू या का? ते म्हणाले, "आतल्या स्लॅबला ड्रिल लागतं, सुनंदा. स्वल्प थांब, बारसं होऊ दे." मी काय सांगणार होते त्यांना? माझ्या आजाराने या घरावर आधीच पुरेसा भार टाकला होता.

५

मुलगी झाली. सुखरूप, रडकी, डोक्यावर भरपूर जावळ. मेघाश्रीने मला पलंगावर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. हेलकावे चालूच होते, पण मी गच्च बसले होते. बाळाने माझं बोट धरलं. मागच्या दोन वेळांनंतर आम्ही कुणी मोठ्याने काही मागतही नव्हतो, आणि देवाने हे दिलं होतं.

बारशाला आमच्या ओळखीतल्या सगळ्या बायका आल्या. इथल्या जुन्या घरांतल्या, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणाऱ्या. यल्लव्वाही नवं लुगडं नेसून आली. ती बेळगावाकडची, बाळाला तेल लावायला यायची. मला खुर्चीत बसवून म्हणाली, "अक्का, तुमी निवांत बसा बगा. मी हाय की."

वरवंट्याला कुंची घातली, तीट लावली, पाळण्यात ठेवला. पाळणा म्हणत बायकांनी झोके दिले. माझ्या आतला झोका त्याच्याशी जुळला होता, तोच वेग, तोच हिसका. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग कुणीतरी वरवंटा उचलून बाजूला ठेवला. मेघाश्रीने बाळाला पाळण्यात ठेवलं. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, अनुषा.

आणि मी थांबले.

फरशी फरशीसारखी झाली. हॉल चारही कोपऱ्यांवर नीट उभा राहिला. मी खुर्ची सोडून उठले, भिंतीला हात न लावता पाळण्यापर्यंत चालत गेले. वासुदेवरावांच्या हातातलं पेढ्यांचं ताट तसंच राहिलं. मेघाश्री मला मिठी मारून रडली. मीही रडले. सगळ्या बायकांनी म्हटलं, नातीचा पायगुण.

डॉक्टरांना कळवलं. त्यांनाही आनंद झाला. "कधी कधी असं आपोआप जातं, अम्मा," ते म्हणाले.

६

ते दिवस मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी मी जमिनीवर पाय पसरून बसायची. यल्लव्वा पाणी घालायची, आणि अनुषा माझ्या पायांवर पालथी पडून कुरकुर करायची. मग तिला दुपट्यात गुंडाळून मी बाल्कनीत न्यायची. माझ्या पायांनी. ऊन तिच्या कपाळावर यायचं, ती डोळे बारीक करायची. जे मागितलं ते सगळं मला मिळालं होतं.

तिचे डोळे तेव्हाच पाहायला हवे होते.

एका दुपारी मेघाश्री आत झोपली होती. अनुषा पाळण्यात जागी होती. पाळणा स्थिर होता, दोरी जमिनीवर पडलेली. मी वाकून तिच्याशी बोलू लागले, पण ती माझ्याकडे बघेना. तिचे डोळे हळूहळू डावीकडे गेले, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. कोपऱ्याकडे जाताना त्यांत एक बारीकसा हिसका होता.

मी तिला उचलून उराशी धरलं. ती मुळीच हलत नव्हती, आणि तिचे डोळे हेलकावे खात होते. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. तिने दूध ओकलं. रडली मात्र नाही. मला तेच सगळ्यात वाईट वाटलं. त्या हेलकाव्यांपायी मीही कधी रडले नव्हते, कारण झोके खाणाऱ्याला रडू येत नाही. त्याला झोप येते. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. त्या हेलकाव्यांत निजून जावं, अगदी खोल, असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी भिंत धरून उठायची. या एवढ्याशा जिवाला कुठली भिंत धरता येणार होती?

मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दिवा दाखवला, टाळूवर हात फिरवला. सुरुवातीला मुलांचे डोळे असे हलतात, म्हणाल्या. वजन मात्र वाढायला हवं होतं, आणि ही झोपते फार. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "नोडोणा."

रिक्षात मेघाश्रीने तिला उराशी धरलं होतं. रिक्षा चालत होती तोवर अनुषाचे डोळे शांत होते.

७

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वासुदेवराव दुकानात गेले. मेघाश्रीला मी झोपायला पाठवलं. अनुषाला जमिनीवर दुपट्यावर निजवलं आणि वरवंटा आणला. त्याला कुंची घातली, तीट लावली, पाळण्यात ठेवला. दोरीला हात लावला नाही.

पाळणा हलला नाही. अनुषाचे डोळे जात होते, येत होते. दगड आणि माणूस यांतला फरक त्या कोपऱ्याला आता कळत होता.

मी वरवंटा बाहेर काढला. कोपऱ्याकडे पाठ करायची हिंमत नव्हती, आणि तोंड करायचीही नव्हती. मी गुडघ्यांवर बसले, पाळण्याच्या दोन्ही कडा धरल्या आणि तिच्या छोट्याशा गादीवर डोकं टेकलं. गादीला दुधाचा आणि तेलाचा वास होता.

"आधी मी," मी म्हटलं. "इतके महिने मीच होते ना? तसंच राहू दे. हिला नको."

काही झालं नाही. शेजारी कुणीतरी नळ सोडला. मग माझ्या गुडघ्याशी पडलेली दोरी सरकली.

पाळण्याच्या फळ्यांमधून मला तेवढंच दिसत होतं. दोरी फरशीवरून उचलली गेली आणि कोपऱ्याच्या बाजूला ताठ झाली. तिचं टोक तिथे उन्हात अधांतरी थांबलं, खाली बसलेल्या बाईचा हात असतो तेवढ्या उंचीवर. टोकाशी दोरीचे दोन-तीन वेढे होते. निसटू नये म्हणून मीही बोटांना असेच वेढे घेते. वेढ्यांच्या आत काही नव्हतं, पण ते सैल पडत नव्हते. एकदा ते जरासे आवळले, पकड नीट करावी तसे.

हाताच्या वर जिथे चेहरा असतो, तिकडे मी पाहिलं नाही. मी डोळे मिटले. पाळणा डावीकडे गेला आणि त्याच्याबरोबर फरशी, हॉल, घर, मी, सगळं डावीकडे गेलं. हिसका ओळखीचा होता.

डोळे उघडले तेव्हा दोरी जमिनीवर होती. मी फरशीवर बसूनच सरपटत अनुषाकडे गेले. तिचे डोळे थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती, सरळ, जन्मल्यापासून पहिल्यांदा. मग तोंड वाकडं करून तिने असं भोकाड पसरलं की मेघाश्री धावत आली.

"आई, काय झालं? तू खाली का बसलीस?" तिने माझा भिंत शोधणारा हात पाहिला. "परत सुरू झालं?"

"हो," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. "रडू नकोस गं. तिला भूक लागलीय बघ, आधी तिला घे."

८

अनुषा आता गुटगुटीत झालीय. मुलांच्या डॉक्टरीणबाई खूश आहेत. माझे डॉक्टर म्हणाले, "कधी कधी परत येतं, अम्मा." त्यांचं दोन्ही वेळेला खरंच होतं. आता त्यांच्याकडे एक नवी गोळी आहे. तिने हेलकावे बहुतेक थांबतील, असं ते म्हणाले. मी नको म्हटलं.

घरी आल्यावर वासुदेवरावांनी कॉफीचं पाणी ठेवलं. मग म्हणाले, "तुला बरं व्हायचं नाही का?"

"मी बरी आहे," मी म्हटलं. "तुम्ही कॉफी करता, यल्लव्वा पाणी घालते, मी बसून नातीला न्हाऊ घालते. आणखी काय हवं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे. रात्री मात्र ते माझा हात धरून झोपतात, आणि मी झोपेत फार खोल जाते असं वाटलं की हलवून जागं करतात. मी तसं त्यांना सांगून ठेवलंय. का, ते सांगितलेलं नाही. मला पुष्कळ जगायचंय, एवढंच म्हटलंय.

आज सकाळी जाग आली आणि मी वाट बघत पडले. काहीच हललं नाही. पंखा, कपाट आणि मी, सगळे जागच्या जागी. पलीकडच्या खोलीत अनुषा जागी झाल्याची चाहूल आली, पण रडण्याचा आवाज आला नाही.

"मी इथे आहे," मी हळूच म्हटलं. "आधी मी."

बराच वेळ गेला. मग पलंगाची डावी बाजू खाली गेली आणि हिसका बसला, नेहमीपेक्षा जोराचा. पलीकडे अनुषा रडू लागली. मी देवाचे, डॉक्टरांचे, त्या कोपऱ्याचेसुद्धा आभार मानले. मग एक पाय फरशीवर ठेवला, मग दुसरा, आणि पट्ट्यावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेले.

वासुदेवरावांनी कॉफीचा पेला माझ्या दोन्ही हातांत नीट धरवला. "आज चक्कर कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले.